साडेएकवीस इंच

हमीदभाईंनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, तो मंगळवार होता. मग ते जिना उतरले आणि बसस्टँडकडे गेले. त्यानंतर ते त्या इमारतीत आले नाहीत.

गेल्या महिन्यात नांदेडहून त्यांच्या मुलीचा फोन आला. दुपारची नमाज झाली, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. एवढंच सांगून ती थांबली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझं बोट नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांमधल्या खोलगट जागेवर टेकलेलं होतं. तिथून निघायचं आणि डोक्यावरून मागे, मानेच्या वरच्या उंचवट्यापर्यंत जायचं. हे अंतर मोजायला मला हमीदभाईंनी शिकवलं.

विद्यापीठाचा आमचा एक लहानसा गट होता. माणसाचा मेंदू चांगला असताना कसा चालतो आणि आजारात त्याचं काय होतं, हा आमचा विषय. नांदेडमधल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर तीन खोल्या मिळाल्या होत्या. पहिलीत गटाचे प्रमुख, आमचे सर. दुसरीत कागद, कपाटं आणि मी. तिसरीत मशीन आणि हमीदभाई. मशीनला आठ पेनं होती. डोक्याला लावलेल्या तारांमधून मेंदूतली वीज यायची आणि ती आठ पेनं सरकत्या कागदावर आठ रेघा काढायची. गावाकडचे लोक त्याला डोक्याचा फोटो म्हणत. हमीदभाई डोक्याचं माप म्हणत.

त्यांचे वडील टोप्या शिवायचे. नांदेडच्या जुन्या बाजारात त्यांचं दुकान होतं. गांधीटोपी आणि नमाजेची टोपी, दोन्ही एकाच मशीनवर शिवल्या जात. हमीदभाई उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकले, मग दुकानात बसले, मग रेडिओ दुरुस्ती शिकले, आणि त्या वाटेने कधीतरी आमच्या गटात रोजंदारीवर तंत्रज्ञ म्हणून लागले. मशीनची वायरिंग त्यांना कळायची ती रेडिओमुळे. पण खरं कसब टोपीच्या दुकानातलं. तारा कुठे लावायच्या याच्या जागा प्रत्येक डोक्यावर मोजून काढाव्या लागतात. नाकापासून मागे किती, या कानापासून त्या कानापर्यंत किती, त्याचा दहावा भाग किती, पाचवा किती. सरांनी सेंटिमीटरची पट्टी आणून दिली होती. ती खणात असायची. हमीदभाईंच्या गळ्यात वडिलांची कापडी टेप, इंचांची. माणूस दारातून आत आला की ते मान जराशी तिरपी करून नजरेनेच डोक्याचा घेर सांगायचे, "साडेबावीस." मग टेप लावायचे. साडेबावीसच निघायचं.

मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा मशीन तपासायला एक डोकं हवंच होतं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "साडेएकवीस," म्हणाले. लाल मेणाच्या पेन्सिलीने खुणा केल्या, पेस्ट लावली, पहिली तार बसवताना ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणाले. डोळे मिटायला सांगितले. स्वस्थ माणसाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूच्या पेनांतून एकसारख्या, गोल लाटा येतात. हमीदभाई म्हणायचे, डोस्कं झोका घेतंय. माझ्या लाटा येईनात. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली.

"ताई, डोळे मिटले, पण आतून वाचूनच राहिल्या तुमी. पुस्तक ठिवा जरा."

मी हसले. लगेच पेनं झुलायला लागली. त्या कागदाचा हातभर तुकडा त्यांनी कापून मला दिला. कडेला त्यांच्या अक्षरात माझं नाव. त्यांच्या मराठी अक्षरांना वरची रेघ नसायची. उर्दूतून आलेला माणूस, रेघ मारण्यात वेळ का घालवायचा, असं त्यांचं म्हणणं. अक्षरं दोरीवरून खाली उतरलेल्या कपड्यांसारखी दिसायची.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. आमचं घर लातूरचं. वडील तिथल्या कचेरीत कारकून होते. सुट्टीत गेलं की त्यांच्या टेबलावरचे कागद दिसायचे. वर छापलेलं उस्मानाबाद, त्यावर शाईची आडवी रेघ आणि शेजारी लातूरचा रबरी शिक्का. जुने छापील कागद संपेपर्यंत असंच चालवा, असा हुकूम होता, आणि कागद काही संपत नव्हते. पाऊस मात्र दुसऱ्या वर्षीही पडला नव्हता.

त्याच वर्षी गटाने खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांची पाहणी काढली. निरोगी म्हातारपणात स्मरण किती राहतं, हे कळल्याशिवाय विस्मरणाचा आजार ओळखता येणार नाही, असं सरांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. लोहा, कंधार करत आम्ही उदगीरपर्यंत जायचो. जीपमध्ये मी, हमीदभाई, ड्रायव्हर, लहान मशीन, आणि पाण्याचे दोन कॅन.

कॅन हमीदभाईंचे. पेस्ट केसांत वाळली की चिकट खडे होतात, आणि ते पाण्याशिवाय निघत नाहीत. पहिल्या फेरीत लोह्याच्या अलीकडे एका गावात एका बाईंच्या डोक्याची नोंद घेतली. झाल्यावर मी केस धुवायला पाणी मागितलं. घरातल्या सुनेने सासूकडे बघितलं आणि आत जाऊन एक तांब्या आणला. तेवढंच होतं. बाईंनी ते पाणी डोक्याला लावू दिलं नाही. पेस्टसकट पदर घेतला. पुढच्या फेरीपासून निघण्याआधी हमीदभाई नांदेडात दोन कॅन भरून घ्यायचे. गावात पोचलं की उन्हात ठेवायचे, म्हणजे म्हातारीच्या डोक्याला गार लागू नये. बायकांचे केस विंचरायचं, तारा लावायचं आणि नंतर धुवायचं काम माझं. ते पाठमोरे उभे राहून अंतर सांगायचे आणि पाणी ओतायचे. ड्रायव्हर एकदा म्हणाला, हमीदभाई, पाण्याच्या वजनाने जीप चढत नाही. ते म्हणाले, "मंग तू उतर. डोस्क्याला हात लावला तर धुवून द्यायचं."

कॅनमधलं पाणी बघून गावातल्या बायका घागरी घेऊन यायच्या. त्यांना नाही म्हणताना मात्र हमीदभाईंचा चेहरा पडायचा. धुऊन उरलेलं पाणी ते शेवटी वाटून टाकत, आणि परतीच्या वाटेवर आम्हा तिघांना प्यायला काही नसे.

त्यांच्या आणखी एका खोडीबद्दल सांगायला हवं. टेप बघून माणसं घाबरत नसत, तारा बघून घाबरत. कंधारकडचे एक गृहस्थ फिट येत म्हणून आले होते. ते खुर्चीत बसेनात. हमीदभाईंनी त्यांना सांगितलं, टोपीचं माप घेतो, बसा. बसले. तपासणी झाली, गेले. दीड महिन्याने औषधासाठी परत आले तेव्हा वर येऊन हमीदभाईंना विचारलं, टोपी झाली का? आम्ही सगळे हसलो. हमीदभाई हसले नाहीत. त्यांना नमस्कार करून म्हणाले, शुक्रवारी या. त्या आठवड्यात त्यांनी घरी शिवणाचं मशीन काढलं. शुक्रवारी टोपी दिली. पांढरी, तेवीस इंचांची, घट्ट शिवणीची. त्यानंतर टोपीचं निमित्त त्यांनी कधीच सांगितलं नाही. घाबरलेल्या माणसाजवळ नुसते बसून राहायचे, तारा त्याच्या हातात द्यायचे, चहा मागवायचे. एकेका नोंदीला दोन-दोन तास लागायचे. सर वैतागायचे.

आम्ही गावात जे प्रश्न विचारायचो त्यांचा तक्ता बाहेरून आला होता. इंग्रजीवरून पुण्याच्या कोणी तरी मराठीत केलेला. आज वार कोणता, महिना कोणता, ऋतू कोणता, आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत. तीन शब्द सांगायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे. प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला शून्य. पहिलं उत्तर धरायचं, समजावून सांगायचं नाही, सुचवायचं नाही. मी हे नियम पाठ केले होते. माझा प्रबंध त्या गुणांवर उभा राहणार होता.

हमीदभाई प्रश्न विचारत नसत. पण बाजूला बसून ऐकायचे. पुष्कळदा प्रश्न मी विचारला की म्हाताऱ्या त्यांच्याकडे बघायच्या. मग ते आमच्या तक्त्यातली भाषा जरा गावची करून सांगायचे. मी अडवलं तर म्हणायचे, "सवाल आपला हाय ताई. जवाब त्यांचा. त्यांना सवाल तरी कळू द्या."

उदगीरच्या पलीकडच्या एका वस्तीत आम्हाला गयाबाई भेटल्या. बौद्ध कुटुंबातल्या, सत्तरीपलीकडच्या, एकट्या राहणाऱ्या. जवळच रोजगार हमीच्या कामावर तलाव खणणं चालू होतं. वय बघून त्यांना खणायला न लावता मजुरांना पाणी पाजायचं काम दिलेलं. डोक्यावर घागर, हातात जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पेला. टँकर येईल तेव्हा घागर भरायची आणि दिवसभर रांगेतून फिरायचं. कोणी दोनदा मागितलं तर त्यांना कळायचं. आम्ही गेलो तो त्यांचा बाजाराच्या सुट्टीचा दिवस होता.

हमीदभाईंना बघून त्या म्हणाल्या, जय भीम. ते म्हणाले, जय भीम आजी. मी तक्ता काढला.

ऋतू कोणता चालू आहे, मी विचारलं.

"उन्हाळा," त्या म्हणाल्या.

भाद्रपद चालू होता. मी नियम मोडून म्हटलं, आजी, पोळा होऊन गेला की.

"झाला ना. बैल धुवाया पानी नव्हतं, नुसते रंग फासले. ह्याला पावसाळा म्हणावं का माय?"

मी शून्य लिहिलं. मग विचारलं, आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत.

त्या जरा विचारात पडल्या. मग बोटांवर मोजत म्हणाल्या, "बिदर व्हतं पहिलं. मी नवरी आले तवा बिदर. मंग उस्मानाबाद केलं. आता म्हणं लातूर करून राहिले." आणि हमीदभाईंकडे वळून म्हणाल्या, "मी हाय तितंच हाय बाबा. जिल्हाच हिंडून राहिलाय."

हमीदभाई इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. मी हसले नाही. पहिलं उत्तर बिदर होतं. शून्य.

तीन शब्द होते आंबा, खुर्ची, घड्याळ. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा त्यांनी तीनही सांगितले. आम्ही निघालो, जीप सुरू झाली, तेव्हा मागून हाक मारून म्हणाल्या, "आंबा, खुर्ची, घड्याळ. जावा आता नीट." पण महिना, तारीख, वर्ष, सगळं गेलेलं. बेरीज कमी भरली. तक्त्याप्रमाणे ज्यांची बेरीज कमी त्यांना नांदेडला मोठ्या मशीनवर तपासायला बोलवायचं होतं. त्यासाठी चिठ्ठी पाठवायची. चिठ्ठ्या मी लिहायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. विस्मरणाच्या आजाराची शक्यता, पुढील तपासणीस यावे. खाली विद्यापीठाचा शिक्का.

तीन आठवड्यांनी गयाबाई आल्या. उदगीरहून बस बदलत एकट्या, चिठ्ठी पदराच्या गाठीत. बस कुठे बदलायची हे कोणाला विचारलं, म्हटलं तर म्हणाल्या, कुणाला कशाला, पाटी कळत न्हाई, पर कंडक्टर कळतो की. जिना चढून आल्या आणि दारातूनच हमीदभाईंना म्हणाल्या, आंबा, खुर्ची, घड्याळ.

मग बसल्या आणि सांगितलं. चिठ्ठी आली तेव्हा वाचून घ्यायला त्या कामावरच्या मुकादमाकडेच घेऊन गेल्या. त्याने वाचली. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पेला दुसऱ्या बाईच्या हातात दिला. डोकं ठिकाणावर नाही असा सरकारी कागद आलाय, उद्या घागर घेऊन तलावात पडली तर जबाबदार कोण, असं म्हणाला. हजेरीतून नाव काढलं. त्या रोज जाऊन बांधावर बसत होत्या. तो बघत नव्हता.

"कागद तुमचा हाय ना माय," त्या मला म्हणाल्या, "मंग तुमीच सांगा. माझं काय चुकलं?"

मी त्यांचे केस विंचरायला घेतले.

त्या दिवशीची नोंद मला अजून दिसते. डोळे मिटले आणि पेनं झुलायला लागली. रुंद, सारख्या लाटा, थांबतच नव्हत्या. हमीदभाई कागदावर वाकून उभे. कुठे एक रेघ वाकडी नाही. नंतर मी केस धुतले. त्यांनी पाणी ओतलं. गयाबाई डोळे मिटून म्हणाल्या, लई दिसानं डोस्क्यावरून पानी गेलं.

सरांनी नोंद बघितली आणि ठीक आहे म्हणाले. पण मुकादमासाठी कागद द्यायला ते तयार होईनात. आलेख चांगला असला तरी तक्त्यात बेरीज कमी होती. दोन्हींचा मेळ लागल्याशिवाय सहीचा कागद कसा द्यायचा? अभ्यास पुरा होऊ दे, म्हणाले. गयाबाई संध्याकाळच्या बसने रिकाम्या हाताने परत गेल्या. हमीदभाई त्यांना स्टँडवर सोडून आले.

पुढच्या आठवड्यात मी गुणांची बेरीज करायला सगळे तक्ते काढले. ऋतूच्या आणि जिल्ह्याच्या प्रश्नांपुढे, माझ्या शाईच्या शून्याशेजारी, शिसपेनने एक गुण लिहिलेला दिसला. एका तक्त्यावर, मग दुसऱ्या, मग गठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर. शेजारी बारीक अक्षरात काहीतरी. अक्षरांवर रेघ नव्हती.

काय करायचं याचा मी फार विचार केला असं नाही. तपासणीला पुण्याहून लोक येणार होते. तक्त्यांत कोणीतरी फेरफार केला आहे हे लपवलं तर पाहणी खोटी ठरली असती, आणि माझा प्रबंधही. मी गठ्ठा उचलला आणि सरांच्या खोलीत नेऊन ठेवला. तसं करणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पण ते लिखाण न वाचता मी गठ्ठा नेला.

सरांनी हमीदभाईंना बोलावलं. मी दारात उभी होते.

"हे तुम्ही केलंत?"

"हाव."

"कोणाला विचारून?"

"आजीला," हमीदभाई म्हणाले. "म्हंजे सगळ्यांलाच. ताईंनी विचारलं तवा त्यांनी सांगितलंच व्हतं. मी तेच लिव्हलं. खोडलं न्हाई काही. ताईंचं शून्य जागच्या जागी हाय."

सर ओरडले नाहीत. ते ओरडणारे नव्हतेच. त्यांनी समजावून सांगितलं की ज्याला अधिकार नाही त्याने नोंदींना हात लावला तर सगळी पाहणी बाद होते, सगळ्यांची मेहनत जाते. आता एकच मार्ग आहे. हे लिखाण मी स्वतःच्या मनाने केलं, गटातल्या कोणाचा त्यात संबंध नाही, असं हमीदभाईंनी लिहून द्यावं. म्हणजे शिसपेनचं बाजूला काढून शाईचं तेवढं धरता येईल.

हमीदभाई टेपचं एक टोक बोटाला गुंडाळत राहिले. असा कागद दिल्यावर रोजंदारीच्या माणसाला कामावर ठेवता येत नाही, हे तिथे तिघांनाही माहीत होतं.

"लिव्हतो," ते म्हणाले. "पर सर, एक कागद मी लिव्हतो, एक तुमी लिव्हा."

"कसला?"

"गयाबाईचा. तिचं डोस्कं चांगलं हाय म्हणून. आलेख तुमी पाहिला. सही, शिक्का. मुकादमाला दावायला."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही बोलेन. मग लेटरहेड पुढे ओढलं. दोघं एकाच टेबलावर समोरासमोर बसून लिहीत होते. सरांचं आधी झालं. हमीदभाईंना वेळ लागला. शेवटी त्यांनी सरांचा कागद उन्हाकडे धरून शिक्का नीट उमटलाय का बघितलं, घडी घातली आणि खिशात ठेवला. जाताना माझ्या जवळून गेले तेव्हा म्हणाले, "तुमचं बरोबर हाय ताई. शिसपेन माझीच."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. ते नेहमीच्या वेळेला आले. तिसऱ्या खोलीत गेले, मशीनवरचं कापड झटकलं, बाहेर येऊन किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. सरांनी त्यांना जा म्हटलं नव्हतं. थांबा असंही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. खिडकीतून बघितलं तेव्हा ते रस्ता ओलांडत होते. गळ्यात टेप तशीच होती. उदगीरची बस साडेअकराला सुटायची.

ते शिसपेनचं लिखाण मी त्या दुपारी वाचलं. एका तक्त्यावर होतं: उन्हाळा म्हणाले. बाहेर ऊन. विहीर कोरडी. बरोबर. दुसऱ्यावर: उस्मानाबाद म्हणाले. घरातल्या रेशनकार्डावर उस्मानाबाद छापलेलं हाय. मी पाहिलं. गयाबाईंच्या तक्त्यावर तीनही जिल्ह्यांची नावं ओळीने, आणि खाली: आपल्याला एकच माहीत, आजीला तीन.

मला माझ्या वडिलांच्या टेबलावरचे कागद आठवले. रेघ मारलेलं उस्मानाबाद. ते मी कित्येक महिने बघत होते.

पुण्याच्या लोकांनी तक्ते मान्य केले. पण सरांनीच पुढच्या फेरीत ते दोन प्रश्न काढून टाकले. ऋतूऐवजी, गावात शेवटचा सण कोणता झाला. जिल्ह्याऐवजी, तालुक्याचं गाव कोणतं. हे कुठून सुचलं ते त्यांनी लिहिलं नाही. मी माझ्या प्रबंधात आभार मानताना तांत्रिक साहाय्य एवढेच दोन शब्द लिहिले. नाव लिहिलं असतं तर शिसपेनचं प्रकरण निघालं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. नवा तंत्रज्ञ आला. तो सेंटिमीटरच्या पट्टीने मोजायचा, भराभर काम उरकायचा. पेनांत शाई सुकून त्या वर्षीच्या कितीतरी नोंदींत मधेच एखादी रेघ तुटलेली आहे. पाण्याचे कॅन जीपमध्ये चढेनासे झाले. पुढच्या फेरीला मी ते स्वतः भरून नेले.

मग नोकरीनिमित्त मी लातूरला परत आले, आणि वर्षं गेली. नांदेडला कामासाठी जायचे तेव्हा जुन्या बाजाराच्या रस्त्याने जायचं टाळायचे. एक गोष्ट मला सतत टोचायची. किल्ली त्यांनी सरांच्या टेबलावर का नाही ठेवली? माझ्याच का? गठ्ठा कोणी नेला हे त्यांना ठाऊक आहे, ते मला कळावं म्हणून, असाच अर्थ मी लावला होता. त्या अर्थाशी माझी इतकी वर्षं गेली होती की दुसरा अर्थ असू शकेल असं सुचलंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी शेवटी त्यांच्या दुकानात गेले. दुकान तेच, त्यांच्या वडिलांचं. तेच शिवणाचं मशीन. हमीदभाई खूप वाळले होते, जाड भिंगांचा चष्मा. मी पायरीशी उभी राहिले. त्यांनी मान तिरपी करून बघितलं.

"साडेएकवीस," म्हणाले. "या ताई. बसा."

त्यांनी चहा मागवला आणि बशीत ओतून प्यायले, पूर्वीसारखाच. मुलीचं, नातवंडांचं सांगितलं. गयाबाईंचं मी विचारलं. त्या दिवशी ते थेट तलावावर गेले होते. मुकादमाने कागद वाचला, शिक्का बघितला, पेला परत दिला. पुढे काम पुरं झालं, तलाव भरला. गयाबाई बरीच वर्षं होत्या. टोपीच्या कापडासाठी हमीदभाई उदगीरला जायचे, तेव्हा वस्तीवर चक्कर मारायचे. त्या लांबून ओळखायच्या आणि तीन शब्द म्हणायच्या. शेवटी शेवटी नाव विसरायच्या, पर आंबा, खुर्ची, घड्याळ सोडलं न्हाई, असं म्हणून हसले.

मग मी विचारलं. वाक्य मी बसमध्ये जुळवून आणलं होतं, ते मधेच तुटलं. एवढंच म्हणता आलं की किल्ली माझ्या टेबलावर का ठेवलीत.

त्यांना आठवेना. कोणती किल्ली, म्हणाले. मी सांगितलं.

"हां. ती. सरांला पेनं धुवायचं कुठं ठाऊक व्हतं? रोज संध्याकाळी धुवावी लागतेत, न्हाई तर शाई सुकती. तुमाला शिकवलं व्हतं ना मी. म्हणून तुमच्याकडं दिली." आणि जरा काळजीने, जणू अजून उशीर झालेला नाही अशा आवाजात विचारलं, "धुतली व्हती ना?"

मी हो म्हटलं. ते खोटं होतं. त्या मंगळवारी मी तिसऱ्या खोलीत गेलेच नव्हते.

निघताना एक गिऱ्हाईक आलं. रस्त्याच्या वळणावरून मी मागे बघितलं तेव्हा हमीदभाई उठून उभे होते. टेप गळ्यातच होती, हातात घेतलेली नव्हती. मान तिरपी करून त्या माणसाच्या डोक्याकडे बघत होते आणि ओठ हलत होते. तो आकडा मला ऐकू आला नाही.

फोननंतर मी नांदेडला जाऊन आले. टेप त्यांच्या मुलीने मला दिली. पहिले तीन इंच पुसले गेले आहेत, पुढचे वाचता येतात. ती माझ्या टेबलाच्या खणात असते. माझ्या डोक्याचा कागदही त्याच खणात आहे, रेघा फिकट झाल्या आहेत, कडेचं नाव दिसतं. मशीनं आता कागदावर लिहीत नाहीत आणि पेनं धुवावी लागत नाहीत. पण डोक्याला पेस्ट अजून लागते. लातूरला आमच्या तपासणीच्या खोलीत नळाखाली एक बादली असते, आणि ती भरलेली असल्याशिवाय आम्ही कोणाला खुर्चीत बसवत नाही.